रिकाम्या टाकीचा धडा

बाबांच्या १९८६च्या प्रीमिअर पद्मिनीला यंदा कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवलं. प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर तयार होता; अडलं ते पेट्रोलच्या टाकीपाशी. इंजिनवरचा जुना पंप जेमतेम पाव बार दाब देतो, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतो. असा विजेचा पंप टाकीत बुडलेलाच बरा, कारण पेट्रोल त्याला थंड ठेवतं. त्यासाठी टाकीला वरून भोक पाडून रिंग वेल्ड करायची, आणि वळणावर पंप कोरडा पडू नये म्हणून आत छोटी वाटी बसवायची.

"टाकी दोन महिने रिकामीच आहे, घ्या कापायला," मी उद्यमबागेतल्या मिस्त्रींना म्हणालो. त्यांनी हातातला ग्राइंडर खाली ठेवला. "साहेब, रिकामी टाकीच माणूस मारते बघा. पेट्रोल गेलं तरी वाफ आत राहते, ठिणगी पडली की फुटते."

टाकी गरम पाण्यानं पुनःपुन्हा धुतली, वेल्डच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं, मगच त्यांनी काम केलं. आमच्या कामात चुकलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. तिथं ती सोय नव्हती.

आता गाडी पहिल्या चावीला सुरू होते. बाबांचा हात मात्र अजून चोककडे जातो.