एक गांव, पांच राज्यें

जमिनीचा धनी बदलला, तरी पीक तेंच आणि नांगरणारा तोच राहतो. पण साऱ्या गांवाचा धनी बदलत गेला म्हणजे काय होतें, हें स्लोव्हाकियाच्या पूर्व टोकास असलेल्या सेल्मेन्त्स गांवाला विचारावें. आपल्याकडे बुद्रुक व खुर्द अशीं जोडगांवें असतात, तशांपैकींच हें एक. थोरलें सेल्मेन्त्स आणि धाकटें सेल्मेन्त्स. रस्ता एक, हंगेरियन भाषा एक, सोयरीकहि आपसांतच.

शतकानुशतकें हा मुलूख हंगेरीच्या राजमुकुटाखालीं होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानोंच्या तहानें, गांव चेकोस्लोव्हाकियाचें ठरलें. १९३८ मध्यें जर्मनी व इटली यांनीं व्हिएन्ना येथें निवाडा देऊन तें पुन्हां हंगेरीच्या पदरांत टाकलें. १९४४ मध्यें तांबडी सेना आली. या उलथापालथींत ग्रामस्थांना कोणीं विचारलें नाहीं. तथापि येथवर गांव निदान अखंड होतें.

२९ जून १९४५ रोजीं मॉस्को येथें करार झाला. त्यान्वयें चेकोस्लोव्हाकियानें आपला पूर्वेकडील प्रांत सोव्हिएट संघास दिला, आणि नवी सीमा नेमकी या दोन वस्त्यांमधून गेली. तारेचें कुंपण आलें, पहारा बसला. घड्याळेंहि फुटून निघालीं : थोरल्यांत प्रागची वेळ, धाकट्यांत मॉस्कोची. बहीण नजरेच्या टप्प्यांत, पण तिला हांक मारण्याची बंदी! तेव्हां शेतांत राबतां राबतां बायका गाण्यांतून निरोप पलीकडे पोंचवीत, असें तेथील वृद्ध सांगत. कोणाकडे पाळणा हलला, कोण वारलें, सारें चालीवर गावयाचें. जात्यावरच्या ओव्या ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांना ही युक्ति परकी वाटूं नये.

१९९१ मध्यें सोव्हिएट संघ मोडला, १९९३ च्या आरंभीं चेकोस्लोव्हाकिया दुभंगला. धाकटें युक्रेनचें झालें, थोरलें स्लोव्हाकियाचें. कुंपण मात्र जागच्या जागीं. समोरच्या घरीं जावयाचें तर उझहोरोदच्या नाक्यावरून लांबचा वळसा, आणि २००० सालापासून वर व्हिसा. धाकट्यांतील एखादा म्हातारा आपलें घर न सोडतां पांच राज्यांचा प्रजाजन झाला, पण सख्ख्या भावाच्या दारीं जाण्यास त्याला परराष्ट्राचा शिक्का हवा!

२३ डिसेंबर २००५ रोजीं पादचाऱ्यांसाठीं नाका उघडला. तोंवर साठ वर्षें लोटलीं होतीं. पुष्कळ भावंडें निजधामास गेलीं होतीं. पुढें स्वस्त मालाच्या ओढीनें गिऱ्हाइकें येऊं लागलीं व धाकट्या गांवांत दुकानें उभीं राहिलीं. भावनेची गोष्ट सांगणारे हा बाजार गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाहीं. गांवानें पोटहि भरावें कीं!

फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हां याच अरुंद वाटेनें लेंकुरवाळ्या बायका थोरल्या गांवांत आल्या. १८ ते ६० वयाच्या पुरुषांस देश सोडण्याची तेव्हां मनाई झाली होती. त्यांतील कांहीं फाटकापर्यंत आले, आणि पलीकडेच थांबले.