येवल्याची वाट कोणी दाखवायची?

शिर्डीचे दर्शन आटोपून पैठणीच्या खरेदीसाठी येवल्यात आलेले कुटुंब आता वेशीवर कोणाला पत्ता विचारत नाही. मोबाइलमधील नकाशा सांगेल तिकडे ते वळते. ही सोय मोठीच आहे. परंतु ज्याची नोंद झाली, तेवढेच हा नकाशा दाखवतो. दुकानाची नोंद त्याचा मालक करतो. गल्लीतील घरात हातमागावर बसलेल्या विणकराची नोंद कोणीच केली नाही, तर नकाशाच्या लेखी तो नसतोच. मग दारावरून गिऱ्हाईक निघून जाते.

नकाशा हे सत्तेचे साधन आहे, हे इंग्रजांनी फार पूर्वी ओळखले होते. ईस्ट इंडिया कंपनीने १७६७ मध्येच सर्वेक्षण खाते उभारले. तथापि, याच येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांनी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर पडल्यानंतर सुमारे दहा महिने इंग्रजी फौजांना झुलवले. शत्रूपाशी नकाशे होते, तारयंत्र होते; तात्यांपाशी मुलखाची आणि माणसांची जाण होती. एप्रिल १८५९ मध्ये ते पकडले गेले, ते नकाशामुळे नव्हे, फितुरीमुळे.

ती जाण आज नकाशात उतरवता येते. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय संस्थांवरील नकाशे तयार करण्यासाठीच्या पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर कोणीही आपल्या गावाची गल्ली रेखाटू शकतो. रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी गूगलची सेवा २०२२ मध्ये भारतात पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होते. मोठ्या शहरांपासून आरंभ करणे हा बाजाराचा स्वभावच आहे. तालुक्याच्या गावाने आपली पाळी येण्याची वाट पाहत बसावे काय?

गावातील तरुणांनी वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन चार रविवार गल्लोगल्ली फिरावे. जुन्या पेठा, देवळे, विहिरी, १३ ऑक्टोबर १९३५ च्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घोषणेचे स्मरण देणारी मुक्तिभूमी आणि संमती घेऊन विणकरांची घरे यांची शुद्ध मराठी नावांनी नोंद करावी. गल्लीचे जुने नाव ठाऊक असलेली पिढी हळूहळू मावळते आहे. तिच्यासोबत ते नाव गेले, की कोणताही उपग्रह ते परत आणून देणार नाही. आकाशातून छप्पर दिसते. त्याखाली कोण राहतो, हे गावानेच सांगावे लागते.