पायाची शीर दुखते तेव्हा



आपल्या घरांत पायाच्या दुखण्याला दुखणे म्हणून फारसा मान मिळत नाही. सकाळपासून ओट्यापाशी उभी असलेली गृहिणी असो, की दिवसभर गिऱ्हाइकांपुढे उभा असलेला दुकानदार असो. रात्री पाय दुखले की तेल चोळायचे, उशी घेऊन पाय वर ठेवायचे आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे, हाच सर्वमान्य उपचार. बहुतेक वेळा तो पुरतोही. परंतु पायाचे एक दुखणे असे आहे की, त्यात तेल लावून जोराने चोळणे अपायकारक ठरू शकते. त्वचेलगतच्या शिरेला सूज येऊन तिच्यात रक्ताची गुठळी होणे, हे ते दुखणे. डॉक्टर त्याला ‘सुपरफिशियल थ्रॉम्बोफ्लेबायटिस’ म्हणतात. नाव अवघड असले तरी विकार दुर्मीळ नाही, आणि तो बहुधा साधाच असतो. मात्र आपल्या पायातील गुठळी साधी आहे की नाही, हे केवळ वरून पाहून ठरवता येत नाही. आजच्या लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेले. त्यामुळे येथे औषधाची चिठ्ठी मिळणार नाही. डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि गेल्यावर काय विचारावे, एवढे मात्र सांगता येईल.

प्रथम शरीरातील व्यवस्था पाहू. पायातील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांचे दोन थर असतात. एक त्वचेलगतचा, जो निळसर रेषांच्या रूपाने आपल्याला दिसतो. दुसरा स्नायूंच्या आत, खोलवर. त्वचेलगतची सर्वांत लांब शीर घोट्याच्या आतल्या बाजूने निघून गुडघ्यावरून मांडीत चढते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. दुसरी पोटरीच्या मागून वर जाऊन गुडघ्याच्या मागे खोल शिरेला मिळते. रक्त वरच्या दिशेनेच जावे म्हणून या शिरांत ठिकठिकाणी झडपा असतात, आणि चालताना पोटरीचे स्नायू आवळून ते वर ढकलतात. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगतात आणि वेड्यावाकड्या दिसू लागतात. यांनाच आपण ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतो. पायातील शिरेला सूज येण्याचे सर्वांत नेहमीचे मूळ येथेच असते.

शिरेत रक्त का गोठते, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्यक रुडॉल्फ व्हिर्खो यांच्या नावाने आजही तीन कारणांत सांगितले जाते : रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. ही तिन्ही कारणे आपल्या नित्याच्या जीवनात दिसतात. बँकेत रोखपाल दिवसभर बसून असतो आणि दारावरचा सुरक्षारक्षक दिवसभर उभा. दोघांच्याही पोटऱ्या हलत नाहीत, म्हणून प्रवाह मंदावतो. रुग्णालयात सलाइनची सुई टोचलेल्या हाताची शीर पुढे कडक होऊन दुखते, ती भिंतीच्या इजेमुळे. गरोदरपण, बाळंतपणानंतरचे काही आठवडे, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोग यांमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. स्थूलता, मोठी शस्त्रक्रिया आणि पूर्वी झालेली गुठळी यांचीही यात भर पडते.

लक्षणे ओळखणे कठीण नाही. शिरेच्या मार्गावर त्वचा लालसर होते, हात लावला की गरम लागते, दुखते, आणि बोटांना दोरीसारखा कडक गोळा किंवा रेघ जाणवते. लाली पाहून हा जंतुसंसर्ग असावा असे वाटते आणि पुष्कळ जण औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणतात. ही सूज सहसा जंतूंमुळे नसते, म्हणून त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. सुईच्या जागी पू झाला किंवा थंडी वाजून ताप आला, तर गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टर प्रतिजैविक देतात.

आता मुख्य मुद्दा. हा विकार वर्षानुवर्षे निरुपद्रवी मानला जात असे, कारण गुठळी वरच्या शिरेत आहे. परंतु वरची शीर शेवटी खोल शिरेलाच मिळते. गुठळी तेथवर वाढली, तर तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाऊन अडकू शकतो, आणि मग प्रश्न जिवाचा होतो. फ्रान्समध्ये अशा ८४४ रुग्णांची पाहणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. त्वचेलगतच्या शिरेत किमान ५ सेंटीमीटर लांबीची गुठळी असलेले हे रुग्ण होते. तपासणीच्या वेळीच त्यांतील सुमारे चारांपैकी एकाला खोल शिरेत किंवा फुफ्फुसातही गुठळी असल्याचे आढळले. हे रुग्ण तज्ज्ञांकडे पोहोचलेले होते. घरोघरच्या प्रत्येक दुखऱ्या शिरेला हे प्रमाण लागू होत नाही. तरीही, ‘वरवरचे दुखणे आहे’ हे समाधान पुरेसे नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

आमच्या नात्यातील एक वहिनी पंगतीचा स्वयंपाक एकहाती सांभाळणाऱ्या. मांडीच्या आतल्या बाजूला लाल रेघ उमटली, तेव्हा त्यांनी आठ दिवस कोणाला काही सांगितले नाही. साडीखालचे दुखणे कोणाला दिसणार? रोज रात्री तेल चोळणे चालू होते. रेघ वर सरकू लागली तेव्हा सुनेला कळले आणि तिने त्याच दिवशी दवाखान्यात नेले. तपासणीत गुठळीचे टोक जांघेतील जोडापासून अगदी थोड्या अंतरावर निघाले. रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली आणि आज त्या ठणठणीत आहेत. सून लक्ष देणारी निघाली, हे त्यांचे भाग्य.

ही तपासणी म्हणजे ‘कलर डॉपलर’ सोनोग्राफी. तिच्यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत आणि वेदना नाही. तिच्या अहवालात दोन आकडे पाहावेत : गुठळीची लांबी आणि खोल शिरेच्या जोडापासून तिचे अंतर. गुठळी जोडापासून ३ सेंटीमीटरच्या आत असेल, तर तिच्यावर खोल शिरेतील गुठळीप्रमाणेच पूर्ण मात्रेचे उपचार करतात. ती जोडापासून दूर, पण ५ सेंटीमीटर किंवा अधिक लांब असेल, तर कमी मात्रेत सुमारे ४५ दिवस रक्त पातळ करणारे औषध देण्याची पद्धत आहे. या पद्धतीला आधार आहे तो २०१० सालच्याच आणखी एका अभ्यासाचा. त्यातील सुमारे ३,००० रुग्णांपैकी निम्म्यांना फोंडापॅरिनक्सचे इंजेक्शन रोज दिले गेले. मृत्यू, गुठळी वाढणे, पुन्हा होणे किंवा खोल शिरेत वा फुफ्फुसात जाणे अशा घटना औषध न मिळालेल्यांत ५.९ टक्के, तर औषध मिळालेल्यांत ०.९ टक्के आढळल्या. आणि गुठळी लहान व जोडापासून दूर असेल, तर वेदनाशामक औषध, शेक, डॉक्टरांनी सुचवलेले घट्ट मोजे आणि नियमित चालणे एवढ्यावर भागते. काही दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावे लागते. ‘पाय दुखतो म्हणून पडून राहा’ हा सल्ला येथे चुकीचा आहे. बसल्यावर पाय उंच ठेवावा, पण चालणे सोडू नये.

मधुमेही व्यक्तींनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी घट्ट मोजे स्वतःच्या मनाने घालू नयेत. पायाकडे येणारा रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर ते अपाय करतात. मूत्रपिंडाचा विकार, जठरात व्रण किंवा रक्तदाब असलेल्यांनी वेदनाशामक गोळ्याही विचारूनच घ्याव्यात.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची एक बाब येथे नोंदवतो. रक्त पातळ करणारे हेपारिन आज प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शन त्यापासूनच बनते, आणि शिरेवर लावण्याच्या काही मलमांतही हेपारिन असते. औषधांच्या दुकानातून सहज आणलेल्या नळीवरील घटक वाचल्यास ते कळते. फोंडापॅरिनक्स मात्र पूर्णतः कृत्रिम आहे. रिव्हरॉक्साबानसारख्या गोळ्यांतील औषधही रासायनिक प्रक्रियेने बनते. म्हणून डॉक्टरांना सुरुवातीलाच विनयाने विचारावे : “माझ्या बाबतीत प्राणिज नसलेला पर्याय चालेल का?” पुष्कळदा उत्तर होकारार्थी येते. मात्र नेहमीच येईल असे नाही. गरोदर स्त्रीला रिव्हरॉक्साबान देत नाहीत, तेथे हेपारिनच्या गटातील इंजेक्शनलाच प्राधान्य असते; मूत्रपिंड अशक्त असेल तर फोंडापॅरिनक्स चालत नाही. अशा वेळी निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकाचा आहे. तो माहिती घेऊन व्हावा, आणि विचारविनिमयात उपचार लांबू नये, एवढेच माझे म्हणणे.

दुसरी बाब उपवासाची. शरीरातील पाणी कमी झाले की रक्त दाट होते. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांनी चौविहार उपवासाचा किंवा मोठ्या तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो आणि नंतर पाणीही घेत नाही, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. त्यांनी ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहिलेली गोळी आपण परस्पर टाळली, तर उपचार अपुरा राहतो. सांगितले, तर बहुतेक वेळा दिवसाची वेळ ठरवून मिळते.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. संपूर्ण पाय किंवा पोटरी सुजणे, अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, भोवळ येणे. यांपैकी काहीही झाल्यास रात्रीची वेळ असली तरी रुग्णालय गाठावे. त्याचप्रमाणे, शिरा फुगलेल्या नसतानाही गुठळी कधी या पायात तर कधी त्या हातात असे पुन्हा पुन्हा होऊ लागले, तर मूळ कारण शोधावे लागते. आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याने अशा फिरत्या गुठळ्यांचा कर्करोगाशी संबंध दाखवला. पुढे स्वतःच्या शरीरात तेच लक्षण पाहून त्याने आपला आजार ओळखला आणि १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने तो निवर्तला. तंबाखू ओढणाऱ्या तरुणांत हेच लक्षण बर्जर रोगाची सुरुवात असू शकते, आणि तेथे तंबाखू कायमची सोडणे हाच उपचाराचा पाया असतो.

अखेरीस घरातील कर्त्या मंडळींना एक विनंती. बँकेत वर्षाखेरीस आम्ही सर्व खाती तपासत असू. ज्यांच्याविषयी कोणी तक्रार केली नाही, तीही. घरातील आई, पत्नी, वहिनी बहुधा तक्रार न करणाऱ्यांत मोडतात. त्यांचे पाय दुखतात का, शिरा फुगल्या आहेत का, कोठे लाल रेघ दिसते का, हे त्यांना आपण होऊन विचारावे. आणि भगिनींनो, विचारण्याची वाट पाहू नका. अशी रेघ दिसली तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी घरात सांगा.