मुगाला भोक दिसण्यापूर्वी

घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या एका उंच इमारतीत राहणाऱ्या आमच्या वहिनींनी गेल्या वैशाखात वर्षभराचा वीस किलो मूग भरला. श्रावणात डबा उघडला, तर दाण्यादाण्याला गोल भोक आणि कडेने तपकिरी भुंगे चढत असलेले! ‘‘भावजी, आता काय करायचं?’’ त्यांनी विचारले. उन्हात टाकावा तर जीव तडफडणार. चाळावा तर भुंगे वेगळे होतील, पण दाण्यातल्या अळ्यांचे काय? खरे सांगायचे तर, जयणा पाळण्याची वेळ तेव्हा टळून गेलेली होती.

या भुंग्याची रीत समजून घ्यावयास हवी. मोठा झालेला भुंगा दाणा खातच नाही. मादी दाण्याच्या सालीवर पांढरी, ठिपक्याएवढी अंडी चिकटवते. अळी तेथूनच आत शिरते, आतला गर खाते आणि दमट उकाड्यात महिन्याभरात भोक पाडून भुंगा होऊन बाहेर येते. पुष्कळदा ही अंडी शेतातच शेंगांवर घातलेली असतात. म्हणून माल नवा व स्वच्छ दिसला तरी निर्धास्त राहता येत नाही. दुकानदारांनी तर जुने बारदान झटकल्यावाचून वापरू नये. त्याच्या शिवणीत भुंगे दडून बसतात.

वनस्पतींच्या पुडीचे काम अंडी घालण्यापूर्वीचे आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतील जोतवानी व सरकार यांनी 1967 साली दाखवले की, 100 किलो कडधान्यास निंबोळीच्या गराची 1 ते 2 किलो पूड चोळली, तर मूग, हरभरा, चवळी अनेक महिने सुरक्षित राहतात. म्हणजे पाच किलोस 50 ते 100 ग्रॅम. मात्र ही पूड कडू. ती बियाण्यासच बरी. वेखंडाची पूडही प्रभावी, पण तीही खाण्याच्या धान्यात नको. घरच्या मुगास सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पानांची पूड किंवा हळद पुरे. शिजवण्यापूर्वी नीट धुवावे. डब्याच्या कोपऱ्यात पानांची पुरचुंडी ठेवून निश्चिंत होणाऱ्यांची मला नेहमी गंमत वाटते. पूड दाण्यादाण्याला लागली पाहिजे, आणि दाणा दाताखाली कडकन फुटण्याइतका कोरडा हवा. खाडीकाठच्या या हवेत पावसाळ्यात भरलेला डबा पुडीनेही वाचत नाही. भरणे उन्हाळ्यातच उरकावे.

बोरिक पावडर व पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यात ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, ती सोडावी. गोदामात वापरतात त्या विषारी वायूच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. बंद सदनिकेत तो वायू माणसाचाही जीव घेतो.

एक अडचण आपल्याच घरांची. एरंडेल चोळलेले किंवा हळद लावलेले कडधान्य आयंबिलास चालत नाही. त्यासाठी थोडेच, महिन्याभराचे कोरे धान्य वेगळे घ्यावे. अख्ख्या दाण्यापेक्षा डाळीला हा भुंगा कमी लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

यंदा वहिनींनी पाचच किलो मूग घेतला, एप्रिलच्या उन्हात गॅलरीत वाळवून, पूड चोळून भरला. आयंबिलाच्या लहान बरणीवर ‘कोरा’ अशी चिठ्ठी आहे. ती बरणी दर आठवड्यास उघडून त्या पांढरे ठिपके शोधतात.