फाईल आहे, पण कोठे?

(एस.वाय.बी.ए.च्या एका विद्यार्थिनीकडून)

गेल्या वर्षी प्रकल्प सादर करायच्या दिवशी मी मराठी विभागात पेनड्राइव्ह घेऊन उभी होते. सरांनी तो आपल्या संगणकाला लावला. आत 'ओव्या' या नावाचे एक चिन्ह होते. सरांनी ते उघडले, तेव्हा फाईलऐवजी पडद्यावर इंग्रजी सूचना आली. वस्तू बदलली किंवा हलवली गेली आहे, असा काहीसा तिचा अर्थ. सर म्हणाले, "अगं, हा नुसता शॉर्टकट आहे. फाईल कुठाय?"

मी म्हणाले, "सर, हीच फाईल."

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. हसणाऱ्याला दोष देत नाही. मी आणलेली वस्तू खरोखरच हसण्यासारखी होती. एखाद्याने धान्याचे पोते म्हणून पोत्याची पावती आणून द्यावी, तसे मी केले होते.

झाले होते ते असे. आजीच्या आणि आमच्या आळीतल्या तिघी बायांच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या आणि चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात रोज संध्याकाळी तासाचे पैसे देऊन टाईप केल्या. एक्केचाळीस पाने झाली. मला रोज फाईल सापडावी म्हणून दुकानातल्या मुलाने पडद्यावर एक चिन्ह करून ठेवले होते. त्याच्या कोपऱ्यात छोटा बाण होता. त्या बाणाचा अर्थ, खरी फाईल दुसरीकडे आहे, हा केवळ तिच्याकडे नेणारा दुवा. मी रोज तो दुवा उघडत होते आणि शेवटी तोच उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकला. त्याचा आकार जेमतेम एक-दोन किलोबाइट असतो. एक्केचाळीस पाने तेवढ्यात मावणार नाहीत हे आकार पाहिला असता तर कळले असते. मी पाहिला नाही, कारण आकार पाहायचा असतो हेच ठाऊक नव्हते. धावत दुकानात गेले तर कळले, आदल्याच दिवशी यंत्र बिघडले म्हणून सगळे पुसून विंडोज नवे टाकले. ध्वनिमुद्रणे मी आधीच काढून टाकली होती, कारण मोबाईल भरला होता.

सरांनी पंधरा दिवसांची मुदत दिली, हे त्यांचे उपकार. आजी पुन्हा गायला बसली. पण पहिल्या वेळी ती कोपऱ्यातल्या जात्यापाशी, खुंट्याला हात लावून बसली होती. दुसऱ्या वेळी कंबर धरल्याने खाटेवर होती. अकरा ओव्या कमी भरल्या. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "असतील बाई, पन आता ओठावर येत न्हाईत." त्या अकरा ओव्यांचा विषय मी घरी पुन्हा काढलेला नाही.

हे सारे सांगायचे कारण निराळे आहे. आमच्या पिढीविषयी प्राध्यापक मंडळींचा एक ठाम समज आहे, की या मुलांना संगणक शिकवायला नको, ती मोबाईल हातात घेऊनच जन्मली. मित्रहो, माझे मत याच्या अगदी उलट आहे. मोबाईल हातात घेऊन वाढल्यामुळेच आम्हांला फाईल कोठे असते ते कळत नाही. मोबाईलमध्ये फोटो 'गॅलरीत' असतो, गाणे गाण्याच्या ॲपमध्ये असते, दाखला व्हॉट्सॲपच्या कोणत्या तरी गटात वर सरकवत गेले की सापडतो. वस्तूला जागा असते हे तेथे दिसतच नाही, कारण ते दिसू नये अशीच त्याची रचना आहे. आयफोन २००७ साली बाजारात आला. त्यात फाईली एका ठिकाणी पाहण्याचे 'फाईल्स' हे ॲप २०१७ साली आले. मधली दहा वर्षे मालकाला आपला माल कोठे ठेवला आहे हे विचारायची सोयच कंपनीने ठेवली नव्हती. अँड्रॉइडवर अशी सोय होती, पण ती उघडून पाहणारा माझ्या ओळखीत तरी कोणी नव्हता.

आणि ही काही केवळ आमच्यासारख्या खेड्यातून आलेल्यांची उणीव नव्हे. अमेरिकेतल्या 'द व्हर्ज' या नियतकालिकात २०२१ साली मोनिका चिन यांचा या विषयावर लेख आला. तिथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना तुम्ही काम कोठे साठवले असे विचारले, तर त्यांना प्रश्नच समजेना, असा तिथल्या अध्यापकांचा अनुभव त्यात आहे. तो वाचल्यावर मला त्या मागच्या बाकावरच्या हसण्याचे फारसे वाटेनासे झाले.

तरीही एक फरक उरतो. पडद्यावर टेबल, टेबलावर फोल्डर, फोल्डरात कागद ही कल्पना झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या यंत्राबरोबर १९८१ साली बाजारात आली आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने ती सर्वदूर नेली. ती कल्पना कचेरीतल्या माणसाला सोपी जावी म्हणून होती. ज्याच्या बापाने कचेरीत टेबल वापरले, त्याला ती सोपी. आमच्या घरी टेबल नाही. घरातले सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डापासून माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत, आजीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले. तेव्हा मला 'डेस्कटॉप' आणि 'फोल्डर' हे शब्द समजण्याआधी कचेरी समजून घ्यावी लागली.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला तो अण्णांमुळे. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, शिक्षण चौथी. एकदा व्यापाऱ्याचा फोन आला, अमक्याची ज्वारी कुठं लावली? अण्णा जेवताजेवता म्हणाले, "मागल्या गोदामात, आतल्या गाळ्यात, भितीकडनं तिसरी थप्पी, खालनं चौथं पोतं." मी घास हातात धरून बसले. फाईलचा पत्ता नेमका असाच लिहितात! आधी मोठी जागा, मग तिच्यातली लहान, मग तिच्याही आतली, शेवटी वस्तू. महाभूलेखावर सातबारा काढताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गट क्रमांक निवडतो, तेही असेच. चौथी शिकलेल्या माणसाला जे रोज तोंडपाठ असते, ते मला पदवीच्या वर्गात कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर मी आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात जाऊ लागले. तेथल्या यंत्रांवर उबुंटू आहे आणि फाईली हाताळायला 'फाईल्स' नावाचा प्रोग्राम आहे. त्याचे मूळ नाव नॉटिलस. तो ईझेल नावाच्या अमेरिकन कंपनीने बनवला. मॅकिंटॉश घडवणाऱ्या मंडळींपैकी अँडी हर्ट्झफेल्ड त्या कंपनीच्या संस्थापकांत होते. कंपनी २००१ साली बुडाली, पण प्रोग्राम खुला असल्याने इतरांनी तो जगवला. बुडालेल्या कंपनीची वस्तू आपल्या तालुक्यातल्या कॉलेजात फुकट चालते, याचे मला अजून नवल वाटते.

या प्रोग्रामच्या डाव्या बाजूला जागांची यादी असते: होम, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, कचरापेटी, आणि पेनड्राइव्ह लावला की त्याचे नाव. मोबाईल तारेने जोडला आणि मोबाईलवर 'फाईल ट्रान्सफर' निवडले, तर मोबाईलही तेथे एक जागा म्हणून येतो. माझा मोबाईल ज्या दिवशी कपाटासारखा उघडलेला पाहिला, त्या दिवशी आमचे आणि त्याचे नाते बदलले असे म्हणायला हरकत नाही. यादीत सर्वांत वर 'रिसेंट' असते, ती मात्र जागा नव्हे. अलीकडे उघडलेल्या फाईली तेथे नुसत्या दिसतात, असतात दुसरीकडेच. पुन्हा तोच बाणाचा घोळ. कंट्रोल आणि एल दाबले की पूर्ण पत्ता वर दिसतो. तो एकदा मोठ्याने वाचावा.

फाईल ओढून एकाच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरात टाकली तर ती तिकडे जाते, इथे उरत नाही. दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे पेनड्राइव्हवर टाकली तर तिची नक्कल होते आणि मूळ जागेवर राहते. हे नियम ठाऊक नसलेला माणूस एकतर गमावतो, नाहीतर सगळीकडे प्रती सांडत फिरतो. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी नावापुढचे चिन्ह दाबून थांबावे, कारण यंत्र बरेचदा आधी स्मरणात लिहून ठेवते आणि पेनड्राइव्हवर मागाहून उतरवते. नावे देवनागरीत खुशाल द्यावीत. फक्त आपल्या कक्षातल्या डिस्कवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि रोमन अक्षराला एक बाइट लागतो तेथे देवनागरीला तीन, काना-मात्राही वेगळे मोजून. म्हणजे इंग्रजीला २५५, मराठीला ८५. ओवीच्या दोन्ही ओळी नाव म्हणून द्यायला गेले तेव्हा हा पक्षपात मला कळला.

आता मुख्य गोष्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मी पुन्हा एका दुकानात गेले (आधीच्या नव्हे). आता डोळे उघडलेले होते. माझा उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून मुलगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, आणि मी त्या यंत्राचे 'डाउनलोड्स' उघडले. आधार कार्डे, बँकेची पासबुके, जातीचे दाखले, अंगठ्याचे ठसे असलेली कागदपत्रे, मुलींचे फोटो. खाली सरकवत गेले तरी संपेनात. त्यात आमच्या आळीतल्या दोघींची नावे मी ओळखली. मुलाच्या मनात पाप नव्हते. पुसायचे असते हे त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते. मी माझ्या चार फाईली काढल्या, मग त्याला विचारून कचरापेटीतूनही काढल्या. तो म्हणाला, "ताई, आजपर्यंत कुणी असं केलं न्हाई." हे शंभर टक्के खरे असावे, आणि याचेच मला वाईट वाटते. पेनड्राइव्हचेही तसेच. उबुंटूवर त्यातली फाईल कचऱ्यात टाकली तर ती पेनड्राइव्हवरच टिंबाने सुरू होणाऱ्या एका लपलेल्या फोल्डरात पडून राहते. कंट्रोल आणि एच दाबा, दिसेल. तो पेनड्राइव्ह आपण दुकानात देतो.

कोणी म्हणेल, आता सारे शोधता येते, फोल्डर हवेत कशाला? आमच्या एका प्राध्यापकांनी मला असेच विचारले. शोधायला नाव लागते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्राचे नाव 'आयएमजी', पुढे तारीख आणि आकडा असे असते. 'उत्पन्न' असे लिहून ते सापडणार नाही. आणि शोधून फाईल मिळाली, तरी ती कोणाच्या ताब्यात आहे हे शोध सांगत नाही. दुसरे म्हणणे, कलाशाखेला याचे काय? अहो, ओव्या, मुलाखती, जुन्या बखरींची छायाचित्रे, बोलींचे नमुने हे आपल्याकडेच गोळा होते. वाणिज्यवाल्यांचा हिशेब पुन्हा मांडता येतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पहिल्या वर्षाला संगणकाच्या तासाला सरकचित्रे रंगवायला शिकवतात, त्याआधी तीन तास फक्त यासाठी द्यावेत: जागा ओळखणे, नक्कल आणि हलवणे यांतला भेद, नाव देणे, पुसणे. परीक्षा घ्यायची तर कागदावर घेऊ नये. पेनड्राइव्ह हातात द्यावा आणि म्हणावे, यातली अमुक वस्तू काढून दाखव. इंग्रजी शब्दांची भीती असेल तर प्रोग्रामची भाषा मराठी करता येते, मात्र काही भाषांतरे इंग्रजीहून अवघड आहेत, हे आधीच सांगते.

हा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी शनिवारी अकरानंतर संगणक कक्षात यावे, खिडकीजवळच्या यंत्रावर मी असते. पेनड्राइव्ह आपापला आणावा, आणि घरच्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर तारही.