पडद्यावरचे गाव, जमिनीवरचा पत्ता

चित्रपटात पाहिलेली जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, असे कोणाला वाटत नाही? नायक-नायिकेची जेथे गाठ पडली तो घाट, जेथे मारामारी झाली ती गल्ली, जेथून गाडी सुटली ते स्टेशन. सहलीला निघालेले कुटुंब हौसेने अशा जागा शोधत फिरते. अडचण एकच असते. पडद्यावर ज्या गावाचे नाव घेतात, ते गाव पुष्कळदा तेथे नसतेच!

चेन्नईच्या अण्णा नगरपासून या फेरफटक्याला सुरुवात करता येईल. हा विद्यार्थ्यांचा भाग. सनदी सेवांच्या परीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग येथे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे खोल्या भाड्याने घेऊन राहणारी मुले-मुली, स्वस्त खानावळी आणि झेरॉक्सची दुकाने यांची येथे वाण नाही. याच वस्तीत 1968 सालच्या जागतिक व्यापार मेळ्यासाठी बांधलेला विश्वेश्वरय्या मनोरा उभा आहे. उंची 135 फूट, मजले बारा. आत्महत्यांच्या घटनांमुळे 2011 मध्ये तो चढण्यासाठी बंद झाला होता. जाळ्या बसवून 2023 मध्ये तो पुन्हा खुला करण्यात आला. मनोऱ्याच्या आत गोल गोल चढत जाणारी वाट आहे. ती चढून गेले की आखून बसवलेले अण्णा नगर खाली पसरलेले दिसते.

या मनोऱ्याजवळच त्याच्याच नावाचे मेट्रो स्टेशन आहे. तेथून गाडीत बसले की पाचवे स्टेशन वडपळनी. म्हणजे मद्रासच्या चित्रपटसृष्टीचे माहेरघर! शेजारच्या कोडंबाक्कमच्या नावावरूनच तमिळ चित्रपटसृष्टीला 'कॉलिवूड' म्हणू लागले.

मराठी माणसाला येथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही. राज कपूर आणि नर्गिस यांचा 'चोरी चोरी' (1956) हा एव्हीएमचा चित्रपट. दिलीपकुमारची दुहेरी भूमिका असलेला 'राम और श्याम' (1967) विजया-वाहिनीच्या बी. नागी रेड्डी यांनी काढला. आपल्या आई-वडिलांनी मुंबई-पुण्याच्या थिएटरांत डोळे भरून पाहिलेल्या कितीतरी हिंदी चित्रपटांचा पत्ता असा मद्रासचा होता.

आणखी गंमत पुढेच आहे. मणिरत्नमचा 'नायकन' (1987) पाहताना मुंबईचा माणूसही धारावी ओळखतो. पत्र्याची घरे, चिंचोळी बोळकांडी, पावसाचा चिखल, सारे तेच. पण ती धारावी बऱ्याच अंशी मद्रासच्या व्हीनस स्टुडिओत उभारलेली होती! कला दिग्दर्शक तोट्टा तरणी यांना त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1995 च्या 'बॉम्बे' चित्रपटातील दंगलीच्या गल्ल्याही अशाच चेन्नईत उभ्या राहिल्या होत्या.

या उसनवारीची परतफेडही झाली आहे. 'चेन्नई एक्स्प्रेस' (2013) या चित्रपटात नायिकेचे तमिळ गाव म्हणून जे दिसते, त्यातले बरेचसे आपल्या सातारा जिल्ह्यातील वाईचे आहे. 'गंगाजल' (2003) मध्ये वाई बिहारची झाली, 'स्वदेस' (2004) मध्ये उत्तर प्रदेशाची. कृष्णाकाठचे घाट तेच, पाट्यांवरची नावे मात्र दरवेळी निराळी. दूरदर्शनच्या प्रेक्षकांचे लाडके 'मालगुडी' तर नकाशावर कोठेच नाही. आर. के. नारायण यांच्या कल्पनेतले ते गाव मालिकेसाठी कर्नाटकातील आगुंबे येथे साकारले.

घाट, डोंगर, जुने वाडे निदान जागेवर राहतात. स्टुडिओचे तसे नाही. 'चंद्रलेखा' (1948) मधील प्रचंड ढोलांवरचे नृत्य ज्या जेमिनी स्टुडिओने देशभर गाजवले, तो स्टुडिओ आज नाही. त्या जागी मोठे हॉटेल उभे आहे. शेजारच्या उड्डाणपुलाचे कागदोपत्री नाव अण्णा पूल, पण लोकांच्या तोंडी आजही 'जेमिनी'च. विजया-वाहिनी हा एके काळी आशियातील मोठ्या स्टुडिओंत गणला जाई. त्याच्या आवारात आता रुग्णालय आणि 2013 मध्ये उघडलेला मॉल आहे. सरकत्या जिन्यावर उभी असलेली तरुण मंडळी कोणत्या जमिनीवर उभी आहेत, हे सांगणारे घरात कोणी आजी-आजोबा असतील तरच त्यांना कळायचे! एव्हीएमने मात्र 2023 मध्ये जुनी यंत्रे आणि जुन्या मोटारी मांडून संग्रहालय उघडले. तेवढाच दिलासा.

मग एखादा जुना स्टुडिओ टिकतो तरी कसा? याचे उत्तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या शहरात, पुण्यात सापडते.

प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि 1933 मध्ये पुण्यात आली. 'संत तुकाराम' (1936), 'कुंकू' (1937), 'माणूस' (1939), 'शेजारी' (1941) हे चित्रपट याच आवारात तयार झाले. देव आनंदचा पहिला चित्रपट 'हम एक हैं' (1946) हाही प्रभातचाच. त्या दिवसांत गुरुदत्तही येथेच कामाला होता. धोब्याकडून दोघांचे सदरे बदलून आले आणि त्यातून मैत्री जुळली, असे सांगतात.

1953 च्या सुमारास प्रभात बंद पडली. जेमिनीसारखीच तीही जागा एखाद्या हॉटेलाच्या किंवा इमारतींच्या पोटात गेली असती, तर नवल वाटले नसते. पण 1960 मध्ये भारत सरकारने तेथे चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. 1974 मध्ये दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही दिल्लीहून येथे आले. जया भादुरी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी यांनी याच आवारात धडे गिरवले. ज्या भव्य स्टेजवर प्रभातचे सेट लागत, तेथेच विद्यार्थी आपल्या पहिल्यावहिल्या चित्रपटाचे दिवे लावू लागले. वास्तूला रोज वापरणारे कोणी मिळाले आणि ती वाचली.

चेन्नईच्या स्टुडिओ-मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. बाहेर जाऊन खऱ्या जागी चित्रण करणे सोपे झाले. शहर वाढले. जमिनीचे भाव चढले. रिकामे स्टेज सांभाळणे कोणाला परवडणार? फक्त जी जागा जाते, ती जाण्यापूर्वी तिची नोंद कोणी तरी ठेवायला हवी. निदान एक पाटी, एक छायाचित्र.

आपला मुलगा किंवा मुलगी शिकायला चेन्नईत असेल, पुण्यात असेल, तर भेटीला गेल्यावर एक दुपार यासाठी जरूर काढावी. अण्णा नगरचा मनोरा चढून मेट्रोने वडपळनी गाठावी. पुण्यात प्रभात रस्ता आणि लॉ कॉलेज रस्ता पायी फिरावा. संस्थेच्या आत जायचे तर परवानगी आधी विचारून ठेवावी, कारण ती प्रेक्षणीय स्थळ नसून चालती शाळा आहे. सोबत घरातील वडीलधारे असतील तर उत्तमच. 'कुंकू' पहिल्यांदा कोठे आणि कोणाबरोबर पाहिला, हे ते सांगू लागले की त्यांना मध्येच थांबवू नये. मुलांनी ते जमल्यास वहीत उतरवून ठेवावे.