प्रतिष्ठापना आणि विसर्जन

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी इंग्रजी वर्तमानपत्रे विसर्जनासाठी जो शब्द छापतात, तोच शब्द गेली काही वर्षे कलादालनांच्या पत्रकांत विशेषण होऊन वावरतो आहे. ‘इमर्सिव्ह’. कोणी संगीतकार वारला, त्याची पंचविशी वा शताब्दी जवळ आली, की एक काळोखी दालन घ्यायचे, चारी भिंतींना ध्वनिक्षेपक लावायचे, जमिनीवर गाद्या टाकायच्या आणि पाहुण्याला सांगायचे : या, आडवे व्हा, बुडून जा. याला आदरांजली म्हणतात. आधी मांडणशिल्पाची प्रतिष्ठापना, मग श्रोत्याचे विसर्जन. ज्याच्या नावाने हे सारे चालते तो या दोन्हींच्या मध्ये कोठे असतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो येथे एका माणसाच्या निमित्ताने विचारायचा आहे.

डेव्हिड ट्यूडर १९२६ साली फिलाडेल्फियात जन्मले आणि १९९६ साली वारले. त्यांची पहिली कीर्ती पियानोवादक म्हणून. जॉन केज यांची ती प्रसिद्ध निःशब्द रचना १९५२ साली वुडस्टॉक येथे प्रथम सादर झाली, तेव्हा पियानोसमोर बसून काहीही न वाजवणारा वादक हाच. पुढे या माणसाने पियानोच सोडला. छोट्या छोट्या विद्युत्-पेट्या स्वतः जोडायच्या, टेबलावर त्यांचे जाळे पसरायचे आणि ते जाळे काय बोलते ते ऐकत ऐकत पुढची कळ फिरवायची, ही त्यांची उत्तरायुष्यातील साधना. कागदावर स्वरलिपी उतरवणे त्यांनी जवळजवळ वर्ज्य मानले. त्यामागे राहिल्या त्या आकृत्या, तारा आणि शिष्य.

त्यांच्या ‘रेनफॉरेस्ट’ या रचनेची कल्पना समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर उभा आहे. ध्वनिक्षेपकाकडून आपली अपेक्षा असते की त्याने स्वतःचे काही बोलू नये. जे आत दिले ते तसेच बाहेर द्यावे. ट्यूडर यांना नेमके उलटे हवे होते. प्रत्येक ध्वनिक्षेपकाला स्वतःचा आवाज असावा, तो वाद्य व्हावा. म्हणून त्यांनी कागदी पडद्याचा कर्णा काढूनच टाकला. विजेच्या संदेशाचे कंपनात रूपांतर करणारा एक लहानसा तुकडा (ट्रान्सड्यूसर) घेऊन तो थेट एखाद्या वस्तूला जोडला : पिंपाला, पत्र्याला, लाकडी पेटीला, काचेला. आता तो संदेश त्या वस्तूच्या अंगातून जातो. वस्तूच्या घडणीत जे स्वर मुळातच दडलेले असतात ते उसळून वर येतात, उरलेले ती गिळून टाकते. शिवाय वस्तूला एक स्पर्शग्राहक चिकटवलेला असतो. तिने जे स्वर निवडले तेच तो पुन्हा उचलून दालनातल्या साध्या ध्वनिक्षेपकांकडे पाठवतो. म्हणजे एकच आवाज दोनदा ऐकू येतो, जवळून वस्तूच्या तोंडून आणि दुरून हवेतून. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवताना तार क्षणात बोलू लागते, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

१९६८ साली बफेलो येथे मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यासाठी ही रचना प्रथम वाजली. (रंगमंचावर अँडी वॉरहॉल यांच्या चंदेरी उशा तरंगत होत्या, आणि पुष्कळांना तेवढ्याच आठवतात.) पण तिचे खरे रूप १९७३ सालचे. न्यू हॅम्पशायरमधील चोकोरुआ या गावी एका कार्यशाळेत ट्यूडर यांनी तरुणांना बोलावले आणि सांगितले : प्रत्येकाने आपापली वस्तू शोधा, तिला काय ऐकवले म्हणजे ती बोलते ते तुम्हीच शोधून काढा. त्यातून ‘रेनफॉरेस्ट ४’ झाले, आणि त्या मंडळींचा ‘कंपोझर्स इन्साइड इलेक्ट्रॉनिक्स’ हा गट. वस्तू टांगलेल्या, वादक टेबलांपाशी, श्रोते मधून हिंडणारे, वस्तूंना कान लावणारे. तासन् तास चालणारा हा प्रयोग. संगीतकार कोण याचे एका नावात उत्तर देता येऊ नये, अशी ही रचना.

आता न्यूयॉर्क. २०१९ च्या ऑक्टोबरात म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट विस्तारानंतर पुन्हा उघडले तेव्हा एका खास दालनात ‘रेनफॉरेस्ट ५ (रूपांतर १)’ मांडलेले होते. संग्रहालयाने ते आपल्या संग्रहासाठी घेतले आहे. वर्ष दिले आहे १९७३–२०१५. कल्पना ट्यूडर यांची, प्रत्यक्षात आणणारे त्यांचे शिष्य. चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीत भेद एकच, पण तो मुळावरचा आहे. पाचवी आवृत्ती आपली आपण चालते. वादक नाही. टेबल नाही. आधी ठरवून दिलेले आवाज संगणक वस्तूंना पुरवतो, आणि दालन उघडण्याच्या वेळेपासून बंद होण्याच्या वेळेपर्यंत वस्तू बोलत राहतात.

आमचा आक्षेप असा. चौथ्या आवृत्तीत वस्तू ही पृच्छेचा विषय होती. समोरचा माणूस तिला काही विचारी आणि तिच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवी. पाचव्या आवृत्तीत उत्तरे शिल्लक राहिली, प्रश्न विचारणारा निघून गेला. उरले ते वातावरण. आणि वातावरण उरले की ‘इमर्सिव्ह’ हे विशेषण आपोआप धावत येते, कारण वातावरणात बुडण्याखेरीज दुसरे काय करायचे असते?

मराठी समीक्षेच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी न. चिं. केळकर आठवायला हवेत. १९२१ च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि सोडून देतो. वाङ्मयाचा आनंद तन्मयतेत आहे हे केळकर मान्य करतात. परंतु त्या तन्मयतेत स्वतःचे भान सुटत नाही, किंबहुना स्वतः राहून दुसरे होता येणे यातच तो आनंद आहे, हा त्यांचा आग्रह. केळकरांच्या सिद्धान्ताच्या मर्यादा पुढच्या टीकाकारांनी पुष्कळ दाखवल्या आणि त्या बऱ्याचशा रास्त आहेत. तरीही शंभर वर्षांनंतर तो सिद्धान्त एका अगदी वेगळ्या ठिकाणी कामी येतो. ‘इमर्सिव्ह’ कलेचा दावा निर्विकल्प समाधीचा आहे : तुम्ही विरघळा, काठ सोडा. ‘रेनफॉरेस्ट’ची मूळ घडण मात्र काठावर उभी आहे. पिंपाला कान लावलेला श्रोता पिंप होत नाही. या कानाने पिंप आणि त्या कानाने दालन असे दोन्ही तो एकदम ऐकतो, आणि त्या दोहोंतले अंतर हेच तेथले संगीत. अंतर पुसले की रचना पुसली. ट्यूडर यांच्या स्मृतीला आपण जे विशेषण चिकटवतो ते त्यांच्या कामाच्या नेमके विरुद्ध टोकाचे आहे.

यावर दोन हरकती येतील. पहिली : हे दालन तुम्ही पाहिले आहे काय? नाही. चित्रफिती पाहिल्या आहेत, वर्णने वाचली आहेत. परंतु वादक काढून टाकला ही गोष्ट पाहण्यावर अवलंबून नाही. ती त्या आवृत्तीची व्याख्या आहे. ‘तिथे असल्याशिवाय कळायचे नाही’ हा युक्तिवाद या प्रकारच्या कलेचा आवडता चिलखत आहे, आणि चिलखताच्या आत काय आहे हे विचारण्याची मुभा न्यूयॉर्कचे विमान न परवडणाऱ्यालाही असावी.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. ही आवृत्ती कोणा उपऱ्याने केलेली नाही. जॉन ड्रिस्कॉल, फिल एडलस्टाइन ही माणसे १९७३ पासून या रचनेत आहेत. गुरूची गोष्ट त्यांना कळत नाही असे म्हणणारे आपण कोण? शिवाय वादक म्हातारे होतात, संग्रहालय आठवड्याचे सातही दिवस उघडे असते, आणि स्वयंचलित आवृत्ती नसती तर हजारो लोकांनी ट्यूडर हे नावही ऐकले नसते. हे सारे खरे आहे. शिष्यांनी जे केले ते प्रेमाने केले, आणि आपण काय केले हे त्यांनी आकडा बदलून प्रामाणिकपणे सांगितलेही : चार नव्हे, पाच. अप्रामाणिकपणा आहे तो आपला, लिहिणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा. संग्रहालयाच्या सोयीतून जन्मलेल्या आवृत्तीला आपण रचनेचे पूर्णत्व म्हणतो. जणू १९७३ साली वादक होते ते केवळ संगणक स्वस्त नव्हता म्हणून!

आणि या ठिकाणी अहमदाबादची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ट्यूडर यांच्या चरित्रातला एक तुकडा आपल्या शेजारी पडलेला आहे. गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या होत्या. केज यांना त्यांनी भारतीय संगीत शिकवले आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतले. त्या पखवाज वाजवत, ज्या काळी बाईने पखवाज वाजवणे ही गोष्टच नवलाची होती. १९६४ साली कनिंगहॅम यांची मंडळी साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादेत आली, त्यांच्यात ट्यूडर होते. आणि १९६९ साली, ‘रेनफॉरेस्ट’ प्रथम वाजली त्याच्या पुढच्याच वर्षी, ते मूग सिंथेसायझर घेऊन राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला. त्या स्टुडिओत १९७२ पर्यंत काम झाले. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या पाच जणांनी तेथे रचना केल्या. मग स्टुडिओ थांबला आणि फिती संस्थेच्या संग्रहात राहिल्या. २०१७ मध्ये लंडनचे कलावंत पॉल पुर्गस यांनी त्या शोधून ऐकल्या. २०२० मध्ये बीबीसीवर त्यांचा कार्यक्रम झाला, २०२३ मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली, मागोमाग निबंधांचे पुस्तकही. म्हणजे मुंबईहून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर असलेल्या या फिती पंचेचाळीस वर्षे आपल्यापैकी कोणी मागितल्या नाहीत. आमचे संगीतसमीक्षक त्या काळात घराण्यांच्या शुद्धतेवर लिहीत होते. आम्ही साहित्याचे अध्यापक साठोत्तरी बंडखोरीवर. दोन्ही कामे आवश्यक होती, हे मान्य. पण ‘प्रयोगशीलता पश्चिमेकडून उसनी आली’ हे वाक्य याच वर्षांत आम्ही वर्गावर्गांतून उच्चारीत होतो आणि पुरावा शेजारी धूळ खात होता.

त्या फितींतली माथुरांची एक रचना ‘एकदा मी तंबोरा वाजवला’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची आहे. नाव भूतकाळी आहे, त्यात थोडी थट्टा आहे, थोडी हुरहूर आहे. ही रचना साध्या हेडफोनवर, घरच्या खुर्चीत ऐकली तरी कळते की येथे कोणी कोणाला बुडवीत नाही. यंत्राशी नुकतीच ओळख झालेला माणूस एकेक कळ फिरवून पाहतो आहे. ओळखीचे काही सापडते का याचा अंदाज घेतो आहे. अडखळणे ऐकू येते. तेच तर ऐकण्याजोगे.

गेल्या वर्षी आमच्या एम. ए. च्या वर्गात ‘आस्वाद’ शिकवताना एक खटाटोप केला. पृष्ठभागाला चिकटवायचा ध्वनिकंपक हल्ली चार-पाचशे रुपयांत मिळतो. तो आणला आणि विद्यार्थ्यांना घरून वस्तू आणायला सांगितले. परात आली, सूप आले, पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा आला. पहिला तास हशात गेला. दुसऱ्या तासाला एका मुलीच्या लक्षात आले की डब्याला गाणे ऐकवून उपयोग नाही, तो ठरावीक जाडसर आवाजालाच हुंकार देतो. आणि कंपक कोपऱ्याकडे सरकवला की तोही बदलतो. सूप बोललेच नाही. ज्याने ते आणले होते तो मुलगा हिरमुसला, मग हट्टाला पेटला. त्याने शेवटी सुपाच्या कडेच्या वेताच्या पट्टीला कंपक दाबून धरला तेव्हा एक बारीक, किरकिरा आवाज निघाला आणि सगळा वर्ग एकदम गप्प झाला. त्या क्षणी कोणीही बुडालेले नव्हते. सगळे वाकून ऐकत होते.

ट्यूडर यांना आदरांजली वाहिलीच गेलेली नाही असे नाही. त्यांच्या पेट्या कनेटिकटमधील वेस्लियन विद्यापीठाने सांभाळल्या आहेत, कागदपत्रे लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेत आहेत. यू नाकाई यांनी वर्षानुवर्षे त्या पेट्या आणि ते कागद समोरासमोर ठेवून कोणती तार कोठे जात होती हे शोधले आणि २०२१ मध्ये त्याचे जाडजूड पुस्तक केले. ते वाचायला कठीण आहे, काही ठिकाणी कंटाळवाणेही आहे. त्यात गादी नाही, मंद प्रकाश नाही. पण ट्यूडर यांचा हात त्यात दिसतो, चुकतो तेथेही दिसतो.

२०२६ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष. आणखी दालने उघडतील, आणखी पत्रके निघतील. त्यांतल्या एखाद्या दालनात तरी टेबल परत ठेवावे, त्यावर कळा असाव्यात आणि त्या फिरवण्याची मुभा असावी, ही मागणी फार मोठी नाही. आणि अहमदाबादच्या फिती मराठी विद्यापीठांच्या संगीत व साहित्य विभागांत ऐकवल्या जाव्यात, ही तर त्याहून लहान मागणी आहे. त्यांच्यासाठी काळोख करावा लागत नाही. खिडक्या उघड्या ठेवूनही त्या ऐकता येतात. आम्ही तशाच ऐकल्या, खाली रिक्षा चालू होत्या.